घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असं नाही

प्रश्न : मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. नोकरीला नऊ वर्षं झाली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये वाकडची भाड्याची जागा सोडून आम्ही कराडला सासरी आलो आणि इथेच राहिलो. मुलगी इथल्याच शाळेत जाते. आता कंपनी म्हणते, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला या, नाहीतर १५ टक्के कमी पगारावर घरून काम करा. 'कराडला खर्च कमी, तर पगारही कमी' असं एचआरचं म्हणणं. स्लिपवर मूळ पगार ३०,०००, घरभाडे भत्ता १२,००० आणि बाकीचे भत्ते धरून एकूण ६०,००० आहेत. सही करू का?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, आज सही करू नका. 'विचार करून कळवते' एवढं ईमेलवर लिहा आणि स्लिप समोर घेऊन बसा. माझी सगळी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्यात पगारपत्रकं करण्यात गेली. कुणी पगारात कपात म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या रकान्यातून?

१५ टक्के म्हणजे महिन्याला ९,००० रुपये. ते सरसकट सगळ्या रकान्यांतून गेले तर मूळ पगार २५,५०० वर येतो आणि मोठं नुकसान तिथे आहे. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के. म्हणजे ३,६०० चे ३,०६० होतील आणि कंपनीचा वाटाही तेवढाच घटेल. (स्लिपवर पीएफ १,८०० दिसत असेल तर कंपनी मूळ पगार १५,००० च धरून पीएफ भरते आहे, मग हा फरक पडणार नाही.) ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, शेवटच्या मूळ पगारावर निघते : मूळ पगार गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले २६. आज तुमची रक्कम होते १,५५,७६९ रुपये. कपातीनंतर त्याच नऊ वर्षांचे होतात १,३२,४०४. वाकडला भाडं भरून, रोज भूमकर चौकातल्या गर्दीतून ऑफिस गाठून जी वर्षं काढलीत, त्यांचे पैसेसुद्धा यात कापले जातात. तुम्ही आज कराडला राहता याचा त्या वर्षांशी काय संबंध? हे वाक्य एचआरला असंच्या असं विचारा.

माझं मत स्पष्ट आहे. मूळ पगार कामाचा असतो, पत्त्याचा नसतो. टेस्टिंग तेच, चुका पकडण्याची जबाबदारी तीच, तर त्या आकड्याला हात लागता कामा नये. जागेशी बांधलेला रकाना एकच, घरभाडे भत्ता. तडजोड करायचीच वेळ आली तर त्यातून करा, आणि तीही मोजून. तुमच्या बचतीचा हिशोब कंपनीने मांडला, तसा तिच्या बचतीचा तुम्ही मांडा : ऑफिसातली एक खुर्ची, बस, कॅन्टीन, एसी. शिवाय तुमच्या घरात वाढलेला खर्च. ब्रॉडबँड आणि इन्व्हर्टर आहेच. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो आणि ३०० च्या पुढे आणखी चढतो. दिवसभर पंखा, कॉम्प्युटर, राउटर चालू राहिला की वरची युनिटं महागाच्या टप्प्यात जातात. कराडला येण्याआधीची आणि आताची बिलं काढून शेजारी ठेवा.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सल्ला अर्धवट राहील. ऑफिसला बोलावण्याचा अधिकार कंपनीला बहुतेक नेमणूकपत्रांत असतोच. कामाच्या जागेचं आणि बदलीचं कलम शोधा, घरून काम करण्याची परवानगी पत्राने दिली होती की नुसती चालत आली, तेही पाहा. पगार मात्र करारातला आकडा आहे, तुमच्या संमतीशिवाय तो परस्पर खाली आणता येत नाही. म्हणून तर सही मागताहेत. तेव्हा तीन दिवस पुण्यात राहायचं तर येण्याजाण्याचं भाडं, दोन रात्रींची सोय, बाहेरचं जेवण किती होतं ते मांडा. ती रक्कम ९,००० च्या आसपास गेली तर त्यांनाही ठाऊक आहे की तुम्ही अडलेल्या आहात. मग मागणी अशी ठेवा : मूळ पगार आहे तसा, घरभाडे भत्त्यात ठरावीक कपात, इंटरनेट-विजेसाठी महिन्याची ठरलेली रक्कम, आणि महिन्यातून सलग दोन-तीन दिवस ऑफिस. नऊ वर्षांचा माणूस गमावून नवा शिकवणं त्यांनाही स्वस्त नाही. बोलणं फोनवर होऊ दे, पण त्याच संध्याकाळी त्याचा सारांश ईमेलने पाठवा.

जाता जाता एक. सासऱ्यांच्या नावे भाडेपावत्या करून कर वाचवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. दर महिन्याला बँकेतून खरंच भाडं देणार असाल आणि सासरे ते त्यांच्या आयकर विवरणपत्रात दाखवणार असतील तर ठीक, नुसत्या कागदावरच्या पावत्या नकोत. आणि तुम्ही नवी करपद्धत घेतली असेल तर घरभाडे भत्त्यावर सूट मिळतच नाही.

प्रश्न : माझं वय ६६. मुलगा आणि सून दोघंही घरूनच काम करतात. ती विमा कंपनीत आहे, दहा ते सात दार लावून बसते. कुरिअर आलं, गॅसवाला आला, कुणी भेटायला आलं की मी तिचं दार वाजवते. परवा ती म्हणाली, "आई, तुम्ही नेहमी माझंच दार वाजवता, त्याचं कधीच नाही." मला फार लागलं ते. मी काही मुद्दाम करत नाही. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुम्ही हे लिहिलंत याचं मला फार मोल वाटतं. या सदराकडे सुनांची पत्रं ढिगाने येतात, सासूचं क्वचित.

माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात गेलं. आमच्या वाड्यात घरोघरी बायका बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, बोटाला दोऱ्याचं रीळ. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, टोक दुमडायचं, दोरा. हजारावर मजुरी, त्यामुळे हात थांबला की पैसा थांबला. आणि तरी दिवसभर त्यांनाच हाका : पाणी आलंय, पोरगं रडतंय, पाहुणे आलेत, चहा टाक. 'बसल्या बसल्या चार पैसे मिळवते' असं घरातले पुरुष म्हणायचे. संध्याकाळी कारखान्यात मोजणी झाली की खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे जायचे, आणि त्या बहुतेक हाका आलेल्या वेळातल्या असायच्या. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने मालकाकडून माल आणून घरी बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. घरातल्यांना ते पटायला त्याहून जास्त काळ लागला.

तुमच्या सुनेचं काम दिसत नाही, ही अडचण आहे. बंद दारामागे ती दाव्याची कागदपत्रं तपासत असेल, समोर ग्राहक असेल. एका हाकेने दोन मिनिटं जातात असं आपल्याला वाटतं, पण तुटलेलं लक्ष परत जोडायला तिला बराच वेळ लागतो आणि तो मग रात्री भरून काढावा लागतो. मुलाचं दार आपण वाजवत नाही, कारण त्याचं काम आपण त्याच्या लहानपणापासून काम म्हणूनच बघत आलो. तुमच्या मनात खोट नाही हे मला कळतं. हात सवयीने त्या दाराकडे जातो. तेव्हा वार वाटून घ्या : गॅस, कुरिअर, पाहुणे सोमवार-बुधवार-शुक्रवार मुलाकडे, मंगळवार-गुरुवार सुनेकडे. हे त्या दोघांसमोर, जेवणाच्या वेळी, तुम्हीच बोला. तुमच्या तोंडून आलं तर मुलगा ऐकेल.

पण ताई, तुमच्या पत्रात तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. दोघं ऑफिसला जायचे तेव्हा दुपार तुमची होती. आता अकराला चहा, एकाला एकाचं जेवण, अडीचला दुसऱ्याचं, पाचला पुन्हा चहा, आणि दुपारी पाठ टेकली की बेल. दोन पगार ज्या घरात बसून मिळवले जातात, त्या घराची दिवसपाळी तुम्ही करताय. जेवणाची एकच वेळ ठरवा, एक वाजता. त्यानंतर ज्याने त्याने वाढून घ्यायचं. दोन ते चार तुमचंही दार बंद. आणि प्रवासाचे, बाहेरच्या जेवणाचे त्यांचे जे पैसे वाचतात, त्यातून दुपारच्या पोळ्यांना बाई लावा. सूनबाई याला नाही म्हणणार नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीहून मुंबईच्या कंपनीसाठी काम करतो. वेळ साडेनऊ ते साडेसहा. मॅनेजर रात्री साडेदहाला मेसेज टाकतात आणि निळी टिक दिसली की लगेच फोन. 'घरीच तर आहेस' म्हणतात. कायद्याने काही करता येतं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कामाच्या वेळेबाहेर उत्तर न देण्याचा वेगळा हक्क आपल्याकडे अजून कायद्यात नाही. फ्रान्समध्ये तो २०१७ पासून आहे. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये तसं खासगी विधेयक मांडलं, कायदा मात्र झालेला नाही.

तेव्हा जमेल ते करा. कामाचे मेसेज व्हॉट्सॲपवरून कंपनीच्या ॲपवर न्यायची विनंती करा आणि निळी टिक आजच बंद करा. महिनाभर रात्रीच्या कामाची तारीख, वेळ, काम असं लिहून ठेवा. मग दिवसाउजेडी, शांतपणे, हा ईमेल पाठवा : 'गेल्या महिन्यात साडेसहानंतर आलेल्या कामांची यादी सोबत आहे. यातली तातडीची कोणती, हे आपण ठरवून घेऊ. तातडीच्या कामासाठी रात्री नऊपर्यंत फोन करावा, मी घेईन. बाकीची दुसऱ्या दिवशी साडेनऊला हाती घेईन. रात्रीचं काम नेहमीचंच असेल तर शिफ्ट आणि शिफ्ट भत्त्याबद्दल बोलायचं आहे.' ईमेलच्या प्रतीत एचआरला ठेवा.