आठवडा आपल्या घराचा
अगं, लेकाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं म्हणतेस, तर शाळेचं वेळापत्रक जसंच्या तसं घरी आणू नकोस. आधी पंधरा दिवस नुसतं बघ, लेकाचं डोकं कधी चालतं. आमच्या धाकटीचं सकाळची पेज झाल्यावर तासभर, म्हणून गणित तेव्हाच. वाचन दुपारी, आजीच्या कुशीत.

शुक्रवारी पुस्तकं बंद, आमच्या गोव्यातल्या म्हापशाचा बाजार. पिशवी धाकटीकडे, पैसेही तिच्याकडेच. भेंडीचे दोन वाटे घेऊन सुटे पैसे परत मोजताना ओठ हलत असतात तिचे. वहीतल्या वजाबाकीत ती एवढी रमत नाही.

बुधवार मोकळा ठेवच, राहिलेलं तिथे सरकवता येतं. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास) बांधणं हाच अभ्यास, एकेका फळाचं नाव विचार. दहावीची चिंता आत्ता नको. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त शाळेच्या) दहावीच्या प्रवेशाला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात.