चिंगीचा मागचा पाय काढल्यानंतर

तुमची तीन वर्षांची मांजर चिंगी पावसात गाडीच्या बॉनेटखाली जाऊन बसली, इंजिन सुरू झालं आणि मागचा डावा पाय मांडीपासून काढावा लागला. घरी येऊन तीन दिवस झाले तरी ती पलंगाखालून हलत नाही, ट्रेच्या बाहेर शू करते आणि सासूबाई म्हणतायत की असे हाल करण्यापेक्षा इंजेक्शन देऊन मोकळं केलं असतं तर बरं. तुम्ही विचारलंय, आमचं चुकलं का आणि आता काय करायचं.

चुकलं नाही. माझ्या घरात पुढचा पाय नसलेला बोका आहे आणि मागचा पाय गेलेल्या काही मांजरी चांगलं घर मिळेपर्यंत माझ्याकडे राहून गेल्यात. तीन पायांवर कसं चालायचं हे त्यांच्यापैकी एकीलाही मला शिकवावं लागलं नाही. तुमच्याकडे दोनच कामं आहेत: दुखणं आटोक्यात ठेवायचं आणि घर तिच्या सोयीचं करायचं. सासूबाईंना आत्ता पटवत बसू नका, टाके निघाल्यावर ते काम चिंगी करेल.

आधी तातडीचं. ती खातेय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मांजर सलग दोन दिवस उपाशी राहिली तर यकृतात चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेततं, अंगाने भरलेल्या मांजरीच्या तर जास्तच. काहीच खाल्लं नसेल तर पुढचं नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन करा. थोडंफार खात असेल तर उकडलेलं चिकन किंवा मासा कोमट करून द्या, म्हणजे वास सुटतो. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजरीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे रश्श्यातला धुतलेला तुकडाही नको. शी दोन-तीन दिवस झाली नाही तरी घाबरू नका, वेदनेच्या काही औषधांनी आतडी मंदावतात. शू मात्र दिवसभरात झालीच नाही तर लगेच न्या. त्या हिशेबाने ट्रेबाहेरचं डबकं ही चांगली बातमी आहे.

दुखत असलं की मांजर ओरडत नाही, गप्प बसते. डोळे अर्धवट मिटलेले, कान बाजूला पडलेले, पाठ कुबडी, अंग चाटणं बंद, ही दुखण्याची लक्षणं. घुरघुरतेय म्हणजे मजेत आहे असंही नाही, दुखत असतानाही मांजरी घुरघुरतात. बरी दिसायला लागली म्हणून वेदनेची औषधं मधेच बंद करू नका आणि आपल्या डब्यातलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. ते पचवण्याची यंत्रणा तिच्या यकृतात जवळजवळ नाहीच. आयबुप्रोफेनही विषच.

जखमेच्या आजूबाजूला काळंनिळं होणं, खाली थोडी मऊ सूज उतरणं हे बहुधा आपोआप जातं. वास येणं, पू, टाके उसवणं, जखम गरम लागणं यासाठी थांबू नका. हळद, डेटॉल वगैरे लावू नका. डेटॉल मांजरीला विषारी आहे आणि लावलेलं सगळं ती चाटतेच. फरशी पुसायचं फिनेलही सध्या बंद ठेवा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर गळ्यातला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही. कोन घालून ती केविलवाणी दिसते, मान्य, पण मांजरीची जीभ खरखरीत असते आणि एका रात्रीत टाके उघडू शकतात.

पलंगाखालून ओढून काढू नका. पण तिला तिथेच राहू देणंही बरोबर नाही, कारण तिथे ना जखम दिसते, ना खाल्लेलं कळतं. छोट्या खोलीत खोका आडवा ठेवा, त्याचं तोंड तुमच्याकडे, आत तिची नेहमीची चादर. लपायला जागा मिळाली की ती पलंग विसरते. ती बाहेर आली की पलंगाखाली बॅगा सरकवून वाट बंद करा. घरात दुसरी मांजर असेल तर आठवडाभर वेगळी ठेवा, दवाखान्याच्या वासाने जुन्या मैत्रिणीही एकमेकींवर फिसकारतात.

आता ट्रे. मागचा एक पाय नसताना तीन गोष्टी एकदम कठीण होतात: कड ओलांडणं, खड्डा करणं आणि खाली बसून तोल सांभाळणं. ती बाहेर शू करते ते रागाने नाही, आत पोचण्याआधीच तोल जातो म्हणून. भांडी ठेवायचा मोठा पसरट प्लास्टिकचा टब घ्या, एक बाजू जमिनीपासून दोन बोटांवर कापा आणि तो भिंतीला लावून ठेवा, म्हणजे तिला डाव्या अंगाने टेकता येईल. टाके निघेपर्यंत ट्रेमधल्या दाणेदार मातीऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे घाला, बारीक कण जखमेला चिकटतात.

फरशी हा आपल्याकडचा खरा शत्रू. गुळगुळीत टाइल्सवर उरलेला मागचा पाय बाहेरच्या बाजूला घसरत जातो आणि एकदा सपाटून पडली की ती चालायलाच घाबरते. गोधड्या अंथरू नका, त्या स्वतःच सरकतात. खाली रबर असलेली पायपुसणी किंवा जुनी योगा मॅट कापून खोका, पाणी आणि ट्रे यांच्यामध्ये सलग वाट करा. पंज्यांमधले लांब केस कापून घ्या.

उडीबद्दल सल्ले ऐकताना एक लक्षात ठेवा: पुढचा पाय गेलेल्या आणि मागचा पाय गेलेल्या मांजरीच्या अडचणी उलट्या असतात. उभ्या मांजरीचं जवळजवळ ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणून माझा बोका कपाटावर आरामात चढतो आणि उतरताना हनुवटीवर आपटतो. चिंगीचं तसं होणार नाही. तिचं उतरणं ठीक राहील, वर झेपावण्याचा जोर मात्र कमी पडेल. ती पुढच्या पंज्यांनी लोंबकळून स्वतःला वर ओढायला शिकेल, त्यासाठी सोफ्यावर नखं रुततील असं जाड कापड टाका. (सोफा नवा असेल तर देव तुमचं भलं करो.) खिडकीपाशी दोन पाटांची किंवा स्टुलांची पायरी करा. टाके निघेपर्यंत उड्या बंदच, नंतर मात्र उचलून वर ठेवत बसू नका. चुकेल, घसरेल, पुन्हा बघेल. उचलून ठेवलेल्या मांजरीचा उरलेला मागचा पाय बळकट होत नाही.

एक गंमतही दिसेल. डावा कान खाजला की उरलेल्या मांडीचा स्नायू तुरुतुरु हलतो, पण कानापर्यंत काहीच पोचत नाही. त्या कानामागे तुम्ही खाजवायचं, हे आता तुमचं कायमचं कर्तव्य. तो कान आतून मळतोही, अधूनमधून बघत जा.

काही मांजरी नसलेल्या पायाकडे अचानक वळून चावायला जातात किंवा दचकून पळतात. नसांचं दुखणं असू शकतं, त्यावर गॅबापेंटिनसारखी औषधं आहेत. व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

जयपूर फूटसारखं काही बसवता येईल का, हेही विचारलंय. पाय इतका वरून काढला की काही बसवायला टोकच उरत नाही, आणि गरजही नसते. अर्धवट तुकडा ठेवला तर ती तोच टेकायला जाते आणि जखमी करून घेते, म्हणून तर वरून काढतात. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये प्राण्यांचे सर्जन नोएल फिट्झपॅट्रिक यांनी ऑस्कर नावाच्या बोक्याला कृत्रिम पंजे बसवले, पण त्याचे मागचे दोन्ही पंजे गेले होते.

पुढच्या वर्षांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. चार पायांचा भार तीन पायांच्या सांध्यांवर आला की प्रत्येक जादा पाव किलो जाणवतो, आणि घरातले सगळे तिला दया म्हणून खाऊ घालणार. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी नसेल तर याच आठवड्यात बसवून घ्या. कबुतरांची नायलॉन जाळी चालते, पण खालची कड घट्ट बांधलेली हवी. आणि टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना उरलेल्या मागच्या पायाचा खुबा आणि गुडघा हाताने तपासायला सांगा, इंजिनच्या अपघातात तिथेही मार बसलेला असू शकतो.