युकॉनच्या प्रवासासाठी मोटरहोम विकत घ्यावे का?

नमस्कार.

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही, तुमचे पती आणि चौदा व दहा वर्षांची दोन मुले कॅनडातल्या कॅलगरीत राहता. साताऱ्याहून तुमचे सासू-सासरे सुपर व्हिसावर (कॅनडातल्या मुलांकडे दीर्घ मुक्कामाला येणाऱ्या आई-वडिलांसाठीचा व्हिसा) येत्या वसंतात येणार आहेत, आणि २०२६ च्या उन्हाळ्यात सहाजणांनी मिळून अलास्का हायवेने कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉन प्रदेशात, शक्य झाल्यास थेट आर्क्टिक महासागरापर्यंत, चोवीस दिवसांचा प्रवास करावा अशी कल्पना आहे. त्यासाठी नऊ वर्षे जुने मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेले मोठे वाहन, ६२,००० डॉलरना विकत घ्यावे, त्यातले २०,००० टीएफएसए या करमुक्त बचत खात्यातून काढावेत आणि ४२,००० घराच्या तारणावरच्या हेलॉक कर्जातून उचलावेत, असे तुमच्या पतींचे मत आहे. तेच वाहन भाड्याने घेतल्यास दहा हजारांहून अधिक डॉलर जातील आणि हाती काहीच उरणार नाही, हा त्यांचा मुद्दा आहे. तुम्हाला हा बेत पटत नाही, पण नेमके कुठे खटकते ते सांगता येत नाही, असे तुम्ही लिहिले आहे.

माझे उत्तर असे की प्रवास अवश्य करावा आणि मोटरहोम घेऊ नये. प्रवासाबद्दल मी एरवी इतका मोकळा नसतो. परंतु सासरे एकाहत्तर वर्षांचे आहेत, थोरला मुलगा आणखी तीन वर्षांनी आई-वडिलांबरोबर तीन आठवडे गाडीत बसायला तयार होईल याची खात्री नाही, आणि या दोन गोष्टी जुळून येण्याचा काळ फार थोडा आहे. हा खर्च मला मान्य आहे. त्या खर्चाला मालमत्तेचे नाव देऊन तो पाचपट करणे मात्र मान्य नाही.

भाड्याचे पैसे जातात आणि विकत घेतलेली वस्तू उरते, हे घराच्या बाबतीत काही अंशी खरे असते. मोटरहोमच्या बाबतीत उरणारी वस्तू दरवर्षी झिजते आणि उभी असतानाही खाते. दोन वर्षे वापरून विकायचे म्हणता, तर दोन वर्षांचा हिशेब करू. तुम्ही कळवलेल्या ६.२ टक्के दराने ४२,००० वरचे व्याज ५,२०० होते. विमा वर्षाला १,४०० प्रमाणे २,८०० आणि तुमच्या वस्तीत वाहन दारात ठेवता येत नसल्यामुळे बाहेर जागा भाड्याने घेण्याचे महिना १२० प्रमाणे २,८८०. हिवाळ्यापूर्वी नळांतले पाणी काढून त्यांत अँटिफ्रीझ भरणे, जुने झालेले टायर बदलणे, छताचे सांधे पुन्हा बंद करणे अशा देखभालीला दोन वर्षांत ४,००० मी हात राखूनच धरले आहेत. टीएफएसएमधल्या २०,००० वर पाच टक्के उत्पन्न बुडाले असे मानल्यास २,००० होतात. आणि दोन वर्षांनी ते वाहन ५०,००० ना विकले गेले, तर घसारा १२,०००. बेरीज जवळपास २८,९०० होते, आणि यात पेट्रोलचा एक थेंबही नाही.

आता भाड्याचे पाहू. तुम्हाला मिळालेल्या दरपत्रकाप्रमाणे दिवसाचे २७५, रोज शंभर किलोमीटर मोफत धरून उरलेल्या सुमारे ४,१०० किलोमीटरचे किलोमीटरला ४५ सेंट, अपघात-विम्याचे रोज ३५, भांडी-अंथरुणाचे ५०० आणि वर पाच टक्के जीएसटी असे सर्व मिळून १०,३०० च्या आसपास, म्हणजे दिवसाला साधारण ४२८ डॉलर पडतात. याच दराने विकत घेण्याचा व्यवहार बरोबरीत यायला दोन वर्षांत अडुसष्ट दिवस ते वाहन रस्त्यावर असायला हवे. तुमच्या पत्रात चोवीस दिवसांचा हा प्रवास आणि एरवी वर्षाला दहा दिवस, म्हणजे चव्वेचाळीस दिवसांचा अंदाज आहे. आणि त्या जादा वीस दिवसांतले शनिवार-रविवार मुलांच्या हॉकीतून कसे मोकळे होणार, याचा उल्लेख पत्रात नाही.

शेजाऱ्यांनी मोटरहोम घेतले, वापरले आणि नफ्यात विकले, हे उदाहरण तुमच्या पतींनी दिले आहे. ते खोटे नाही, पण त्यांनी ते २०२१ मध्ये विकले हे तुम्हीच लिहिले आहे. साथीच्या काळात विमाने आणि हॉटेले बंद पडल्यामुळे अशा वाहनांची मागणी अचानक वाढली होती आणि वापरलेल्या वाहनांचेही भाव चढले होते. पुढे ते उतरले. त्या एका वर्षाचा भाव धरून आज खरेदी करणे बरोबर नाही.

तरीही माझा खरा आक्षेप या २८,९०० वर नाही. तुमचे गृहकर्ज २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १.९९ टक्के दराने पाच वर्षांसाठी बांधले गेले आणि त्याचे नूतनीकरण ऑक्टोबर २०२६ मध्ये, म्हणजे प्रवासाहून परतल्यावर तीन महिन्यांत आहे. शिल्लक ३,८०,००० आणि वीस वर्षे मुदत धरून नवा दर ४.३ टक्क्यांच्या आसपास मिळाला, तर मासिक हप्ता सुमारे ४३० डॉलरने वाढेल. आज घरखर्च भागवून तुमच्या हाती महिन्याला ९५० उरतात. त्यानंतर ५२० उरतील. मोटरहोमचे केवळ व्याज, विमा आणि जागाभाडे मिळून महिन्याला ४५४ होतात. सहासष्ट डॉलरच्या शिलकीवर चौघांचा संसार चालवायचा आणि दारात, किंवा तुमच्या बाबतीत दुसऱ्याच्या आवारात, हत्ती पोसायचा, हे मला जमण्यासारखे दिसत नाही. त्यात हेलॉकचा दर बँकेच्या प्राइम दराबरोबर वर-खाली होतो, तो कुठे बांधलेला नसतो.

टीएफएसएमधून काढलेल्या रकमेइतकी जागा, म्हणजे खात्यात पैसे भरण्याची मुभा, पुढच्या १ जानेवारीला परत मिळते, हे तुमच्या पतींचे म्हणणे नियमाप्रमाणे अगदी बरोबर आहे. परंतु परत मिळते ती जागा. पैसा तुम्हालाच पुन्हा घालावा लागतो. तुमच्या दोघांच्या टीएफएसएमध्ये मिळून ३१,००० आहेत आणि घरखर्च महिन्याला ७,४००, म्हणजे ही तुमची चार महिन्यांची एकमेव गंगाजळी आहे. ती ११,००० वर, दीड महिन्यावर आणायची, आणि तीही जिथे अडचण सर्वांत महाग पडते अशा प्रदेशात जाण्याच्या आधी, ही गोष्ट तुम्हाला खटकत असावी असे मला वाटते.

त्या प्रदेशाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. युकॉनचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दीडपट आहे आणि लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी; त्यातले बहुतेक लोक एकट्या व्हाइटहॉर्स या राजधानीत राहतात. अलास्का हायवे १९४२ मध्ये अमेरिकी लष्कराने युद्धासाठी बांधला आणि आज तो पक्का असला, तरी फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक या सुमारे सव्वापाचशे किलोमीटरच्या पट्ट्यात मोजकी विश्रामगृहे आहेत, पेट्रोलचा दर शहरापेक्षा बराच चढा असतो आणि मोबाइलला बहुतांश ठिकाणी संपर्क मिळत नाही. तिथे गिअरबॉक्स बिघडला, तर गाडी ओढून नेण्याचा खर्च, सुटा भाग येईपर्यंतचे मुक्काम आणि सहाजणांचे जेवण ही रक्कम चार-पाच हजारांवर सहज जाते. रस्त्यावरच्या मदतीसाठी जे सदस्यत्व तुम्ही घेतले आहे, त्यात टो करण्याच्या अंतराला मर्यादा असते आणि मोटरहोमसाठी बहुधा वेगळा स्तर लागतो. वणव्यांचाही विचार करा: मे २०२४ मध्ये वणव्यामुळे संपूर्ण फोर्ट नेल्सन रिकामे करावे लागले होते. त्यामुळे मुक्कामाचे आरक्षण थोडे महाग पडले तरी रद्द करता येईल असेच घ्या.

आता सासू-सासऱ्यांच्या विम्याबद्दल, कारण या संपूर्ण प्रवासातली सर्वांत मोठी आर्थिक जोखीम तिथे आहे आणि तुमच्या पत्रात तिला एकच ओळ मिळाली आहे. सुपर व्हिसासाठी किमान एक वर्षाचा आणि किमान १,००,००० डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. तो काढला म्हणजे काम झाले असे अनेकजण समजतात, पण ती व्हिसाची अट आहे. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस ऑगस्टमध्ये बदलला, असे तुम्ही लिहिले आहे. आधीपासूनचा आजार अमुक दिवस स्थिर असल्याशिवाय त्यासंबंधीचा खर्च मिळणार नाही, असे कलम बहुतेक विम्यांत असते. हे दिवस कुठे नव्वद असतात, कुठे एकशे ऐंशी, आणि डोस वाढवणे किंवा कमी करणे हाही बदलच धरला जातो. म्हणून विमा सर्वांत स्वस्त कोणता हे न पाहता स्थिरतेचा कालावधी कोणत्या तारखेपासून मोजला जातो, आणि दुर्गम भागातून विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च कितीपर्यंत मिळतो, हे दोन प्रश्न लेखी विचारा. युकॉनमध्ये गंभीर रुग्णाला अनेकदा विमानाने दक्षिणेकडच्या मोठ्या शहरात न्यावे लागते. तुम्हा चौघांनाही अल्बर्टा प्रांताचे आरोग्यकार्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. प्रांताबाहेरच्या रुग्णवाहिकेचा खर्च त्यात सहसा येत नाही, आणि त्यासाठीचा देशांतर्गत प्रवासविमा तुलनेने स्वस्त असतो. अलास्काच्या हद्दीत शिरायचा मोह झाला, तर सासू-सासऱ्यांना अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागेल आणि त्यांचा विमा कॅनडाबाहेर चालतो का हेही पाहावे लागेल. माझ्या मते अलास्का या वेळी सोडून द्या.

डेम्पस्टर हायवेही सोडून द्यावा, असे मी सुचवतो. डॉसन सिटीजवळून इनुविकपर्यंतचा सुमारे ७३६ किलोमीटरचा हा रस्ता खडीचा आहे, वाटेत दोन नद्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात आणि अर्ध्या वाटेवरच्या ईगल प्लेन्सशिवाय पहिल्या टप्प्यात पेट्रोल मिळत नाही. तिथून २०१७ मध्ये खुल्या झालेल्या रस्त्याने टुक्टोयाक्टुकला समुद्रापर्यंत जाता येते हे खरे, पण जाऊन-येऊन साडेसतराशे किलोमीटर वाढतात, टायर आणि काचेचा खर्च वाढतो, आणि भाड्याची वाहने या रस्त्यावर न्यायला करारातच अनेकदा मनाई असते. त्याऐवजी डॉसन सिटीहून टूमस्टोन पार्कपर्यंत एका दिवसात जाऊन परत येता येते आणि उत्तरेचा तो उघडा, वृक्षहीन प्रदेश तिथेही दिसतो. (जाता जाता: डॉसन क्रीक आणि डॉसन सिटी ही एकमेकांपासून दोन हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेली वेगळी गावे आहेत. आरक्षण करताना नाव दोनदा वाचा.)

मग जायचे कसे? तुमची सात आसनी गाडी सुस्थितीत आहे, तीच न्यावी. कॅलगरी ते व्हाइटहॉर्स हे तेवीसशे किलोमीटर मुलांना घेऊन पतींनी पाच दिवसांत पार करावेत, आणि तुम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन विमानाने व्हाइटहॉर्सला पोहोचावे. येताना हवे तर अदलाबदल करा: आई-वडिलांबरोबर त्यांनी विमानाने यावे आणि कॅसिअर हायवेने, प्रिन्स जॉर्ज आणि जॅस्परमार्गे, गाडी तुम्ही आणावी. गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना रोज सहा-सहा तास बसवण्यापेक्षा हे बरे. त्यांचे एक नुकसान मात्र होईल. वाटेवरची लिआर्डची गरम पाण्याची कुंडे त्यांना मिळणार नाहीत, आणि वज्रेश्वरीला गेलेल्या माणसाला त्याची चुटपुट नक्की लागेल.

२७ जूनला निघून १७ जुलैला परतलात, तर १ जुलैची सुटी धरून चौदाच रजा लागतात आणि बिनपगारी दिवस टळतात. खर्चाचा माझा अंदाज असा: साडेसहा हजार किलोमीटरचे पेट्रोल १,२५०, तीन परतीच्या तिकिटांइतके विमानभाडे १,५००, जाता-येता नऊ रात्री काही मोटेलात आणि काही तंबूत ९१०, युकॉनमधल्या अकरा रात्री केबिन किंवा दोन खोल्या ३,९६०, जेवणखाण १,९००, जादा विमा ४५०, आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र, दुसरा सुटा टायर वगैरे ६००. एकूण साधारण १०,६००. मोटरहोम भाड्याने घेऊन तुमच्या बेताप्रमाणे चोवीस दिवसांचा प्रवास केला, तर भाडे १०,३०० आणि त्या वाहनाला लागणारे दुपटीहून अधिक पेट्रोल धरूनच आपण तेरा हजारांवर जातो. शिवाय सहाजण झोपू शकतात म्हणजे सहा सीटबेल्ट आहेत, असे सर्व मोटरहोममध्ये नसते.

प्रवासासाठी तुम्ही बाजूला ठेवलेले ७,५०० आणि पुढच्या नऊ महिन्यांची बचत ८,५५० मिळून १६,०५० होतात. यातले ५,००० प्रवासाआधी थोरल्याच्या आरईएसपीमध्ये, म्हणजे उच्च शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, भरा. तीन वर्षे तुम्ही त्याचा हप्ता चुकवला आहे. चालू वर्षाबरोबर मागच्या एका वर्षाची भरपाई करता येते, म्हणजे या ५,००० वर सरकारचे २० टक्क्यांप्रमाणे १,००० अनुदान मिळेल. हे अनुदान सतराव्या वर्षानंतर बंद होते, तेव्हा त्याच्यासाठी आता मोजकीच वर्षे उरली आहेत. राहिलेल्या ११,०५० मध्ये प्रवास बसतो. टीएफएसएमधले ३१,००० तसेच राहू द्या. अडचण आल्यास त्यातले चार-पाच हजार वापरायला माझी हरकत नाही, ते त्यासाठीच आहेत. आरआरएसपी या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातून १५,००० काढण्याचा जो पर्याय पत्राच्या शेवटी आहे, तो विसरून जा: २० टक्के कर तिथल्या तिथे कापला जातो, संपूर्ण रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि ती जागा कायमची जाते.

तुमचे पती निवृत्त झाले आणि वर्षातले दोन-तीन महिने रस्त्यावर काढायचे ठरले, तर हाच प्रश्न मला पुन्हा विचारा. तेव्हाचा हिशेब वेगळा असेल. आत्ता पहिले काम विम्याचे आहे. सासऱ्यांच्या डॉक्टरांकडून डोस बदलल्याची तारीख लेखी घ्या आणि ती दाखवूनच विमा कंपनीकडे दर मागा. केबिनची आरक्षणे त्यानंतर करा, पण डिसेंबरच्या पुढे नेऊ नका.