तुमच्या नात्याची फाईल

मेलबर्न

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

‘मावशी, लग्नाला चार महिने झाले आणि त्यातले आम्ही एकत्र राहिलो फक्त एकोणीस दिवस. एवढ्यावर ऑस्ट्रेलिया सरकार आमचं नातं खरं कसं मानेल?’ असं तू नवऱ्याकडे इथे येण्यासाठी जोडीदाराचा व्हिसा मागताना विचारलंस. मानेल. ती धास्ती आधी मनातून काढून टाक. नातं बारा महिन्यांचं असण्याची अट आहे ती लग्न न करता सोबत राहणाऱ्यांसाठी. तुमचं लग्न नोंदवलेलं आहे. पत्रिका जुळवून, तीन भेटींत ठरलेली लग्नं इथल्या व्हिसा अधिकाऱ्यांनी भरपूर पाहिली आहेत. भेटी तीनच का झाल्या, हा त्यांचा मुद्दा नसतो. त्यानंतर तुम्ही एकमेकांचे कसे झालात, एवढं त्यांना कळायला हवं असतं.

म्हणूनच तुझ्या मेसेजमधल्या दुसऱ्या ओळीनं मला जास्त घोर लागला. एजंट म्हणतो, एकाच दिवशी चार साड्या बदलून चार ठिकाणी फोटो काढा म्हणजे सहवास दिसेल. बाळ, हे करू नकोस. खोटा कागद किंवा खोटी माहिती सापडली तर अर्ज फेटाळला जातो आणि पुढची तीन वर्षं दुसऱ्या व्हिसाची वाटही बंद होऊ शकते. एजंट फी घेऊन मोकळा होईल, सही तुझी असेल. ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन असा सल्ला देणारा माणूस वकील तरी असावा लागतो किंवा सरकारदरबारी नोंदलेला तरी. नोंदलेल्या एजंटाला सात आकडी नोंदणी क्रमांक असतो. भारतात बसलेल्या एजंटाला ही नोंदणी सक्तीची नाही. तरी तो क्रमांक विचार. नसेल तर त्याच्या बोलण्याला कुणाचा धाक नाही हे ओळख.

तुमचं खरं आहे तेच पुरेसं आहे, फक्त ते गोळा करावं लागेल. नियमांत चार बाजू सांगितल्या आहेत: पैशांचे व्यवहार, घर कसं चालतं, लोक तुम्हाला जोडपं म्हणून ओळखतात का, आणि पुढचं आयुष्य सोबत काढण्याची बांधिलकी. घराच्या बाजूनं तुमच्याकडे थोडं आहे, ते थोडंच दाखवा. लोकांच्या बाजूनं तर आपल्याकडे खजिना असतो. दोन्हीकडची केळवणं, कार्यालयाची पावती, लग्नपत्रिका, पूजेला सासरी जमलेले शेजारी, हे सगळं तारखेसकट ठेव. दिवाळसणाला तो सांगलीला येणार आहे म्हणालीस. त्याचं तिकीट, आईनं त्याला ओवाळतानाचा फोटो, मामांकडचं जेवण, हेही त्यात येतं. अर्ज दाखल झाल्यावरही कागद जोडत राहता येतं, तेव्हा दिवाळीसाठी अर्ज थांबवायचं कारण नाही. पैशांच्या बाबतीत म्हणशील तर लग्नानंतर प्रॉव्हिडंट फंडाचं नॉमिनेशन नव्यानं करावंच लागतं. ते केलंयस का? विम्यावर अजून बाबांचंच नाव असेल तर तेही बघ. दाखवण्यासाठी म्हणून नव्हे, लग्न झालेल्या माणसानं ते करायचंच असतं.

चॅटची चारशे पानं मात्र जोडू नकोस. प्रत्येक महिन्यातले दोन-तीन दिवस निवड, ज्यात तुम्ही काहीतरी ठरवता आहात. आई पडली तेव्हा त्यानं रात्री कितीदा फोन केला, तू नोकरी सोडायची का यावर तुमचं काय बोलणं झालं. ‘जेवलीस का’ हे पन्नासदा वाचून कुणाला काही कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोघांनी आपापलं निवेदन लिहायचं असतं: कसे भेटलो, कधी ठरलं, दूर असताना कसं चाललंय, पुढचा बेत काय. हे एजंटाकडून लिहून घेऊ नकोस आणि नवऱ्याचं बघूनही लिहू नकोस. दोन निवेदनं शब्दाला शब्द सारखी निघाली की शंका येतेच. आधी मराठीत लिहून काढ, मग इंग्रजी कर. पहिल्या भेटीनंतर तू त्याला जवळजवळ नकार देणार होतीस, तुझ्या दादाला हे स्थळ पसंत नव्हतं, हे तू मला फोनवर किती छान सांगितलं होतंस. ते लिही. मी इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच मुलामुलींची निवेदनं वाचली आहेत. ‘आमचे विचार जुळले आणि आम्ही विवाहबंधनात अडकलो’ या वाक्यात माणूस सापडत नाही. दादाशी झालेल्या भांडणात सापडतो.

नावाचं एक सांगते, कारण त्यात मी स्वतः पोळले आहे. १९९६ साली माझा अर्ज गेला तेव्हा शाळेच्या दाखल्यावर बाबांचं नाव मधे, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, आणि लग्नात सासरच्यांनी पहिलं नावही बदललेलं. या तिन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करण्यात चार महिने गेले. तेव्हा आमच्या नात्याचा पुरावा म्हणजे निळ्या एअरोग्रामचा, हवाई टपालाच्या घडीपत्रांचा, गठ्ठा होता. त्यावर नवऱ्यानं मला माहेरच्या नावानं हाक मारलेली, म्हणून तोही अर्धा निरुपयोगी ठरत होता. तुझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे ना? मग आता घाईनं बदलू नकोस. लग्नाचा दाखला दोन्ही नावं जोडतो. अर्जात दुसऱ्या नावांची जागा असते, तिथे तू जिथे जिथे ज्या नावानं नोंदली गेलीस ती सगळी लिही. दाखला मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळेल. सोळाव्या वर्षानंतर, गेल्या दहा वर्षांत ज्या देशात एकूण बारा महिने राहिलीस तिथलाही लागतो, म्हणजे दुबईचाही. तो आणायला वेळ लागतो, त्यामुळे चौकशी आत्ताच कर. वैद्यकीय तपासणी ऑस्ट्रेलिया सरकारनं नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते.

फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, म्हणजे पाच लाखांहून जास्त रुपये, आणि बहुतेक दर १ जुलैला ती वाढते. अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही. या एकाच फीमध्ये दोन टप्पे येतात. आधी ३०९ हा तात्पुरता व्हिसा, आणि अर्जाच्या तारखेपासून साधारण दोन वर्षांनी १०० हा कायमचा. ३०९ वर तुला नोकरी करता येईल, शिकता येईल, मेडिकेअरचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, कार्ड मिळेल. किती महिन्यांत येईल हे कुणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नकोस. वर्षभराची तयारी ठेवा आणि तोवर नोकरीचा राजीनामा देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट लिहायला हात जरा थांबतो, पण तुझ्या आईला मी शब्द दिलाय. तुझा नवरा चांगला आहे असंच मला वाटतं. तरीही ऑनलाइन खातं तुझ्या ईमेलनं उघड, पासवर्ड तुझ्याकडे ठेव, पासपोर्ट तुझ्याकडे ठेव, आणि पाठवलेल्या अर्जाची पूर्ण प्रत तुझ्याजवळ हवी. ‘मी सांगितलं तर तुला परत पाठवतील’ या एका वाक्यावर कोंडून ठेवलेल्या दोन मुली मी इथे पाहिल्या आहेत. ते वाक्य खरं नाही. व्हिसा द्यायचा की रद्द करायचा हे सरकार ठरवतं, नवरा नाही. ३०९ वर इथे आल्यानंतर घरात छळ झाला आणि त्यातून नातं तुटलं, तर तो छळ दाखवून कायमचा व्हिसा मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पैसे हातात न देणं, माणसांपासून तोडणं हेही त्यात येतं. व्हिक्टोरिया राज्यानं तर २०१८ साली हुंड्यासाठीचा जाचही कायद्यात स्पष्ट लिहिला. घरात छळ होणाऱ्यांसाठीचा १८०० ७३७ ७३२ हा मदतीचा नंबर रात्रंदिवस चालतो, दुभाषी मागता येतो. तुला कधीच लागू नये. पण मोबाईलमध्ये ठेव, आणि माझाही.

राहिला फॉर्म ८८८. इथल्या नागरिकानं किंवा कायम रहिवाशानं लिहून द्यायचं असतं की मी या दोघांना ओळखतो आणि यांचं नातं खरं आहे असं मला वाटतं. असे निदान दोन द्यायचे. माझा मी देईन. पण तुला मी बारशापासून ओळखते आणि त्याला फक्त लग्नाच्या मांडवात दहा मिनिटं भेटले आहे. तेवढ्यावर काय लिहू? म्हणून त्याला या शनिवारी माझ्याकडे ग्लेन वेव्हर्लीला जेवायला बोलावलंय. त्याच्या टारनीटहून गाडीनं तासभर लागेल, येईल म्हणाला. तू त्या वेळी व्हिडिओवर ये, माझ्या दुपारी तीनला तुझ्याकडे साडेदहा वाजलेले असतील. त्याला भरलं वांगं आवडतं की नाही ते मात्र आधी कळव.

तुझी,
मावशी