मध्ययुगीन युरोपातल्या ‘हॉस्पिटल’मध्ये खरंच रुग्णांवर उपचार होत का?

बहुतेक ठिकाणी नाही. ती आजच्या दवाखान्यापेक्षा आपल्याकडच्या धर्मशाळेला आणि अन्नछत्राला जवळची होती. मूळ लॅटिन शब्द ‘होस्पेस’, त्याचा एक अर्थच पाहुणा. इंग्लंडमधल्या विंचेस्टरचं सेंट क्रॉस हॉस्पिटल घ्या. बिशप हेन्री ऑफ ब्लोआ यांनी ते 1130च्या दशकात स्थापलं. कष्ट करण्याची ताकद न उरलेल्या 13 गरिबांना तिथे कायमचा आसरा मिळे आणि रोज आणखी 100 जणांना जेवण. वाटसरूला दारात पावाचा तुकडा आणि शिंगाच्या पेल्यात बिअर द्यायची रीत होती. मागितलं तर ती शिदोरी आजच्या काळातही मिळत आली आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते! काळे आणि तांबडे झगे घातलेले वृद्ध ‘ब्रदर’ अजूनही तिथे राहतात.

पण सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. जेरुसलेमच्या सेंट जॉन हॉस्पिटलच्या 1182च्या नियमांत रुग्णांसाठी चार वैद्य नेमायला सांगितलं आहे. म्हणजे तिथे उपचारही होत.