हाडाचं वय काढायला रसायनशास्त्रच लागतं

शिरूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. तिला प्राचीन हाडांवर काम करायचंय, म्हणून रसायन सोडून पुरातत्त्वाला जाते म्हणते. ते विचारतात, ‘जाऊ द्यावं का? आणि पुढे पोटापाण्याचं काय?’

नमस्कार. तिची आवड जपा, पण रसायनशास्त्र सोडू देऊ नका. तिला हवं ते काम त्याच वाटेवर आहे.

ताज्या हाडाचा साधारण पाचवा हिस्सा कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. जीव मेल्यावर त्याच्या शरीरातला किरणोत्सारी कार्बन-१४ ठरावीक वेगाने घटत जातो. किती उरला यावरून हाडाचं वय काढायचं, तर मुख्यतः कोलॅजनमधला कार्बन मोजतात. हे प्रथिन थंड गुहेत हजारो वर्षं टिकतं, आपल्यासारख्या उष्ण हवेत लवकर नासतं. ते जितकं कमी उरतं, तितका माती-पाण्यातून किंवा जतनासाठी लावलेल्या सरसातून शिरलेल्या परक्या कार्बनमुळे निकाल चुकतो. चाळीस हजार वर्षांच्या हाडात एक टक्का आजचा कार्बन मिसळला, तरी वय सुमारे सात हजार वर्षांनी कमी दिसतं!

क्रोएशियातल्या विंडिया गुहेत हेच झालं. तिथल्या निअँडरथलांच्या (आधुनिक माणसाच्या नामशेष झालेल्या भाऊबंदांच्या) हाडांचं वय १९९९ मध्ये २८-२९ हजार वर्षं निघालं. म्हणजे आधुनिक माणूस युरोपात आल्यावरही ते तिथे बराच काळ होते, असं मानलं गेलं. पुढे कोलॅजनमधलं हायड्रॉक्सिप्रोलिन हे एकच अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) वेगळं काढून मोजलं, तेव्हा २०१७ मध्ये वय चाळीस हजारांच्या पलीकडे गेलं. इतिहासातला एवढा मोठा बदल नमुन्याच्या शुद्धीकरणातून झाला, आणि ते काम रसायनशास्त्रज्ञाचं. मला हे फार मोलाचं वाटतं.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. या क्षेत्रात आपल्याकडे जागा मोजक्याच, आणि पीएच.डी.शिवाय भागत नाही. दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर, लखनौची बिरबल साहनी संस्था, अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी (पीआरएल) ही कार्बन-कालमापनाची ठिकाणं. पण क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले घटक वेगळे करणं) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखणं) हातात बसली, तर औषध कंपन्या आणि अन्न-तपासणी प्रयोगशाळांची दारंही उघडी राहतात.

तेव्हा एम.एस्सी. रसायनशास्त्रातच, शक्यतो विश्लेषणात्मक किंवा जैवरसायन घेऊन. त्यासाठीच्या आयआयटी-जॅम या प्रवेशपरीक्षेची तयारी आतापासूनच सुरू करू द्या. पुरातत्त्वाची ओढ आहेच, तर सुट्टीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवून आणा. इनामगाव तर तुमच्याच तालुक्यात. तिथल्या उत्खननाबद्दल संग्रहालयातच विचारता येईल.