करार वाचायची आवड आहे का, ते आधी पाहा

मुलुंडहून एका आईने लिहिले आहे : मुलगा बारावी कॉमर्सला आहे. स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने 2025 मध्ये लुका मॉड्रिच या फुटबॉलपटूला निरोप दिला, तेव्हापासून ‘मी फुटबॉल एजंट होणार, जुन्या खेळाडूंना असं वाऱ्यावर सोडू देणार नाही’ असे तो म्हणतो आहे. हे खरेच करिअर आहे की वयाचे खूळ? शिवाय आम्ही भाड्याच्या घरात राहतो, त्यामुळे प्रयोग परवडणारे नाहीत.

सप्रेम नमस्कार.

खूळ म्हणून झटकून टाकू नका. मात्र त्याचा राग ज्या समजुतीवर उभा आहे, ती तपासायला हवी. मॉड्रिच 2012 मध्ये रेआलमध्ये आला, 2021 पासून क्लबने त्याचा करार दर खेपेला एकाच वर्षाने वाढवला आणि 2025 मध्ये तो वाढवला नाही, तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा खेळाडू इटलीच्या मिलान क्लबकडे गेला. यात कृतघ्नतेपेक्षा हिशेब अधिक आहे. खेळाडू घेताना मोजलेली रक्कम कराराच्या वर्षांत विभागून ताळेबंदात दाखवली जाते आणि तरुण खेळाडू पुढे विकून ती वसूलही होऊ शकते; पस्तिशीतल्या खेळाडूचा पगार मात्र बहुधा मोठा असतो आणि त्याला विकून हाती फारसे काही येत नाही. घसाऱ्याचा धडा शिकलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागू नये.

दुसरी बाजूही त्याने पाहावी. युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या बॉसमन निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू नव्या क्लबकडे जाऊ शकतो आणि त्यासाठी जुन्या क्लबला ट्रान्स्फर फी, म्हणजे खेळाडू सोडण्याचा मोबदला, द्यावा लागत नाही; फुटबॉलची जागतिक संघटना फिफाच्या नियमांनुसार कराराच्या अखेरच्या सहा महिन्यांत तो पुढच्या क्लबशी करारही करू शकतो. नव्या क्लबच्या वाचलेल्या फीमधला काही वाटा सही करतानाच खेळाडूसाठी मागून घेणे, हे एजंटचे खरे कौशल्य.

रेआलचा कर्णधार सर्जिओ रामोसचा प्रसंग तर या व्यवसायाचा पहिला पाठ म्हणून शिकवावा असा आहे. 2021 मध्ये रेआल सोडताना त्याने पत्रकारांना सांगितले की, क्लबने एका वर्षाचा प्रस्ताव दिला होता, आपल्याला दोन वर्षे हवी होती आणि शेवटी आपण एका वर्षाला होकार कळवला तेव्हा प्रस्तावाची मुदत संपल्याचे उत्तर मिळाले. अशी मुदत आहे हे आपल्याला कोणी सांगितलेच नव्हते, असे त्याचे म्हणणे. सोळा वर्षांच्या कारकिर्दीचा शेवट एका तारखेवर अडला. ती तारीख लेखी विचारून घेणारा माणूस म्हणजे एजंट; मैदानाजवळ बसून सामने पाहणे हा त्याच्या कामाचा अगदी लहान भाग.

आता शिक्षण. एजंट होण्यासाठी फिफाचा परवाना लागतो आणि त्यासाठी वीस प्रश्नांची, पंचाहत्तर टक्क्यांना उत्तीर्ण करणारी परीक्षा असते, पण केवळ त्यावर पोट भरेल असे समजू नये. आपल्याकडे 2025 मध्ये आयएसएल या देशातल्या प्रमुख फुटबॉल लीगचा हंगामच व्यावसायिक करार रखडल्यामुळे लांबणीवर पडला होता, हे विसरून चालणार नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचे लॉ करावे, किंवा बीकॉमनंतर तीन वर्षांचे, चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयात दोन्ही आहेत. फुटबॉल हातचे गेले तरी कराराचे काम करणारा वकील मुंबईत रिकामा बसत नाही.

एक छोटी चाचणी घ्या. तुमचा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार कपाटातून काढून त्याला द्या आणि विचारा : लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा, नोटीस कोणी किती दिवस आधी द्यायची, नूतनीकरणाचा हक्क मालकाला की आपल्याला, आणि हे कोणत्या कलमात लिहिले आहे? फुटबॉलच्या करारातही लॉक-इनसारखा संरक्षित काळ असतो : अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी सही केली तर तीन वर्षे किंवा तीन हंगाम, त्यानंतर दोन. तासाभराने तो कंटाळून मोबाइलकडे वळला तर त्याची आवड प्रेक्षकाची आहे. ‘आई, इथे भाडेवाढ लिहिलीय, पण किती ते नाही’ म्हणत तो तुमच्याकडे आला, तर सीईटीचा अर्ज भरायला घ्या.